मागचं दार, लंडनचं आणि परळीचं

हाउस ऑफ लॉर्ड्सच्या प्रेक्षक गॅलरीत बसायला पैसे पडत नाहीत. खाली लाल बाकांवर माजी न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक आणि चर्च ऑफ इंग्लंडचे 26 बिशप. जनतेनं निवडलेलं कुणीच नाही, पण उद्या मतं मागायला जायचं नसल्यानं विधेयकाचं कलम न् कलम उसवून बघतात. 2015 मध्ये कमी पगाराच्या कुटुंबांना मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिट या सरकारी मदतीला लागणारी कात्री यांनीच अडवली. महिन्याभरात सरकारनं माघार घेतली.

हे फोनवर सांगितलं, तर परळीचे चुलते म्हणाले, "म्हंजे तुमच्याकडं बी मागचं दार हाय म्हण की!"

आहे ना. नोव्हेंबर 2023 मध्ये डेव्हिड कॅमेरून खासदार नसताना लॉर्ड झाले आणि थेट परराष्ट्रमंत्री. लॉर्डला कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, उत्तरं देता येत नाहीत. तिथं त्यांच्या वतीनं दुसरेच मंत्री प्रश्न झेलायचे.

बीडकराला याचं काय नवल? 2014 ला परळीत पंकजा मुंडेंकडून पडलेले धनंजय मुंडे विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. 2019 ला पारडं फिरलं. 2024 ला पंकजाताई लोकसभेला बजरंग सोनवणेंकडून साडेसहा हजार मतांनी हरल्या, जुलैत आमदारांच्या मतांवर परिषदेत गेल्या आणि डिसेंबरात मंत्री. सगळं नियमात बसणारं.

तरी परिषद गुंडाळा म्हणणाऱ्यांत मी नाही. तिचे 18 वर्षं सभापती राहिलेल्या वि. स. पागेंनी रोजगार हमीची कल्पना मांडली. 1965 ला तासगाव तालुक्यात ती करून पाहिली आणि 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. आमच्याकडच्या कित्येक घरांत तेव्हा खडी फोडून चूल पेटली. असं डोकं प्रचाराच्या धुळीत टिकेलच असं नाही. त्याला एक सभागृह हवं. साधं विधेयक परिषद फार तर चार महिने रोखू शकते, लॉर्ड्स साधारण वर्षभर. तेवढा अधिकार पुरे. मंत्रिपद मात्र ज्याला लोकांनी थेट मत दिलं त्यालाच मिळावं. लोकांनी नुकतंच नाकारलेल्याला तर नाहीच.

चुलत्यांना हे मुळीच पटलं नाही. "मंग आपल्या जिल्ह्याला मंत्रीच नको का?" त्यांनी विचारलं आणि थकलेल्या ऊसबिलाचा विषय काढला.