पाणबुडीतला संसार

मैत्रिणींनो, सहल म्हटली की आपल्यापुढे ठरावीक चित्रं उभी राहतात. एखादं देवस्थान, एखादी बाग, फार तर महाबळेश्वर. आणि सहल कुठेही असो, डबे, औषधांची पुरचुंडी नि सगळ्यांच्या टॉवेलांची आठवण आपल्याकडेच! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मात्र जरा निराळं ठिकाण पाहून आलो. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ठेवलेली 'आय. एन. एस. कुरसुरा' ही पाणबुडी. तुम्हाला त्याबद्दल सांगावंसं वाटतंय ते एवढ्यासाठी, की ती पाहून आल्यापासून आमच्या घरात एक विषय सुरू झालाय आणि तो उद्या तुमच्याही घरात निघू शकतो.

आम्ही सोलापूरकर. समुद्र आमच्यापासून लांब. पण कोणार्क एक्स्प्रेस सोलापूरवरून थेट विशाखापट्टणमला जाते, तेव्हा ह्यांनी तिकिटं काढली. मी कडक भाकऱ्या नि शेंगाचटणी बांधली आणि आम्ही पाच जण निघालो. हे, मी, नववीतली मुक्ता, तिसरीतला ओंकार आणि सासूबाई.

ही पाणबुडी त्या वेळच्या सोव्हिएत रशियात बांधलेली. डिसेंबर १९६९ मध्ये ती आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि एकतीस वर्षं नोकरी करून फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, तिला वाळूवर आणून लोकांसाठी खुली केली. तिच्या भावंडांची नावं ऐकून तर मला फार आपलेपणा वाटला. एक 'खांदेरी', म्हणजे शिवाजी महाराजांनी थळजवळच्या बेटावर बांधलेला जलदुर्ग, आणि एक 'करंज', म्हणजे उरणचं करंजा!

बाहेरून पाहिली तर लांबच लांब. सुमारे ९१ मीटर. ओंकारने तर "आपली अख्खी गल्ली मावेल" असं जाहीर करून टाकलं. पण आत पाऊल टाकलं आणि कळलं, की एवढ्या लांबीत माणसाच्या वाट्याला आलेली जागा किती थोडी! सगळीकडे नळ्या, चाकं, घड्याळासारख्या तबकड्या. मधूनच एक माणूस जाईल एवढीच वाट. एका भागातून दुसऱ्यात जायला गोल भोकासारखं दार. वाकून, आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी त्यांना बाहेर बसा म्हणत होते. पण त्या नऊवारीचा काचा सावरून माझ्याआधी पलीकडे गेल्यासुद्धा!

माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी टॉर्पेडो सोडायच्या नळ्या दाखवल्या. पुढे सहा, मागे चार. असे २२ टॉर्पेडो घेऊन ती निघायची. पाण्याखाली ती बॅटऱ्यांवर चाले आणि बॅटऱ्या भरायच्या तर डिझेल इंजिनं लावावी लागत. इंजिनाला हवा हवी, म्हणून वर यायचं, नाहीतर निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढायची. ह्यांना त्यात भारी रस. मला मात्र, खरं सांगू, स्वयंपाकघर बघायचं होतं.

स्वयंपाकघर कसलं ते! आपल्या जुन्या घरातली मोरी मोठी म्हणायची. सासूबाई थबकल्याच. "भैया, इतने लोगोंका सैपाक इधरच?" काका हसले. "हो माताजी, पंचाहत्तर लोकांचा. रोज." झोपायच्या फळ्याही माणशी एक नाही. एकाची पाळी संपली की तो येऊन आडवा व्हायचा आणि दुसरा उठून कामाला लागायचा. काहींचं अंथरूण तर टॉर्पेडोच्या शेजारी! गोडं पाणी पिण्याला नि स्वयंपाकाला. आंघोळीचं नाव काढायचं नाही. पाणी जपून वापरणं आम्हा सोलापूरकरांना शिकवायला नको, पण हे ऐकून आम्हीही गप्प झालो.

मी काकांना विचारलं, "घरी खुशाली कशी कळायची हो?" ते म्हणाले, "कळायचीच नाही. पाणबुडी निघाली की कुठे आहे, कधी येणार, घरच्यांना सांगायचं नसतं. माझी बायको म्हणायची, मी दिवस मोजत नाही, गॅसचा सिलिंडर किती चालला ते बघते. तुम्ही गेल्यावर लावलेला संपत आला की येण्याची वाट बघायची."

मैत्रिणींनो, आपल्या माणसाला यायला तासभर उशीर झाला तरी आपण दहा वेळा दारात जातो. ही बाई एक अख्खा सिलिंडर संपेपर्यंत वाट बघायची, आणि तेवढ्यात मुलांचे ताप, शाळेच्या फिया, सासूसासऱ्यांचं पथ्य सगळं एकटीने निभवायची. त्या काकांच्या छातीवर पदक असेल-नसेल, तिला मात्र कुणी दिलेलं नाही.

तेवढ्यात मुक्ताने विचारलं, "काका, पाणबुडीवर मुली असतात?" ते म्हणाले, "माझ्या वेळी नव्हत्या, बेटी. पण आता नौदलात मुली पुष्कळ आहेत."

झालं! बाहेर येऊन मक्याची कणसं खाताना तिने जाहीर केलं, "मी एनडीएची परीक्षा देणार. नौदलात जाणार."

ह्यांचं कणीस हातातच राहिलं. माझ्या पोटात खड्डा पडला. कारण रस्त्याच्या पलीकडे १९७१ च्या विजयाचं स्मारक दिसत होतं. त्याच डिसेंबरात या किनाऱ्याजवळ पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी बुडाली आणि तिच्यातलं कुणी वाचलं नाही. शत्रूची म्हटली तरी आतली सगळी कुणाची तरी मुलंच. आणि आपली 'सिंधुरक्षक'? १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन तिच्यातले १८ जण गेले. हे सगळं आईच्या मनात एका क्षणात येऊन जातं. त्याला इलाज नाही.

मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी बोलणार. बोलल्या त्या, पण ह्यांना. "अरे, पोरगी सासरी गेली तरी काळजी सुटते का? ही काळजी निदान तिने स्वतः निवडलेली असेल."

त्यानंतर मी हातावर हात ठेवून बसले नाही. शाळेत शिकवते, तेव्हा माहिती काढणं मला अवघड नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएची दारं मुलींना उघडली. २०२२ मध्ये पहिली तुकडी गेली आणि ३० मे २०२५ रोजी आपल्या खडकवासल्यातून १७ मुली शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. प्रवेश परीक्षा यूपीएससी घेते, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात, आणि नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री नि गणित हवंच. गोव्याहून 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन नौदलाच्या सहा तरुणी २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा करून आल्या, हेही मुक्ताने मला मोठ्या दिमाखात ऐकवलं.

माझी भीती गेली का? नाही. पण मुक्ता हल्ली पहाटे धावायला जाते, आणि सोबत म्हणून मीही मैदानाला फेऱ्या मारते. त्या निमित्ताने माझं वजन उतरतंय हा वरचा फायदा! गणिताला मात्र ती अजून कंटाळते. तेव्हा पुढचं पुढे.

तुम्ही विशाखापट्टणमला गेलात तर साडीपेक्षा सलवार-कमीज बरी, पायात सपाट चपला घाला. फार गुडघेदुखी किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर आत जायचा हट्ट नको. समोरच नौदलाचं एक मोठं विमानही पाहायला ठेवलंय, तेव्हा वेळ काढून जा आणि उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. मुलांना भरपूर प्रश्न विचारू द्या. आणि त्यातून तुमच्या लेकीने असं काही जाहीर केलंच, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी विचारा, "त्याला काय काय लागतं गं?" आणि ती सांगेल ते कागदावर लिहून घ्या.