नादकाटा आणि अण्णांचे पाय

आठवीला ध्वनीचा धडा शिकवताना मी दरवर्षी नादकाटा रबरावर आपटून मुलांच्या कानाशी धरते. गेल्या जूनमध्ये डॉक्टरांनी तसलाच नादकाटा माझ्या वडिलांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला, तेव्हा मला हसूच आलं. आपल्या शाळेतला ५१२ हर्ट्झचा, त्यांचा १२८ चा, एवढाच फरक.

"थरथर थांबली की सांगा," डॉक्टर म्हणाल्या. अण्णा लगेच म्हणाले, "थांबली." बाईंनी तोच काटा उचलून माझ्या बोटाच्या पेरावर ठेवला. तो अजून चांगला थरथरत होता. माझं हसू गेलं.

अण्णांना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. पायाला मुंग्या, रात्री तळव्यांची आग, हे दोन वर्षं चाललं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मीच कारलं-जांभूळ-मेथीची पावडर आणली, बाराशे रुपयांचा डबा. मी विज्ञान शिकवते हो, पण डब्यावर 'नैसर्गिक' वाचलं आणि पुढे काही विचारलं नाही. अण्णांनी तर त्या भरवशावर रात्रीची गोळी परस्पर बंद केली. शिवाय मेडिकलमधून आणलेली 'नसांची गोळी' चालूच. एकदा फिरून आले तर मोजा रक्ताने भिजलेला. बुटात खडा होता, त्यांना पत्ताच नाही!

तपासणीत शुगर वाढलेली होतीच, पण बी-१२ सुद्धा १४० निघालं. निदान २०० तरी हवं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की काहींचं बी-१२ उतरतं, आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते मुळात दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. ते कमी पडलं तरी पाय मधुमेहात होतात तसेच बधिर होतात. म्हणजे जीवनसत्त्व हवंच होतं, पण तपासून, मोजून. मग नसांची गोळी मनाने घेतली तर काय बिघडलं? त्यात बहुधा बी-६ असतं, आणि ते जास्त प्रमाणात फार दिवस पोटात गेलं तर उलट नसांनाच इजा होते. हे मला खरंच माहीत नव्हतं.

इंजेक्शनं झाली, बंद केलेली गोळी परत सुरू झाली. मुंग्या कमी आहेत. टाचेचा बधिरपणा मात्र तसाच. तो जाईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. रोज रात्री अण्णा जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघतात, चष्मा सापडला नाही की मला हाक मारतात.

परवा काकूंनी विचारलं, "पावडरीचा गुण आला का गं?" मी त्यांना आत बोलावून बसवलं. त्यांच्याही पायाला मुंग्या येतात म्हणे, आणि बी-१२ कधीच तपासलेलं नाही.