हेड खोलताना

भर मे महिन्यात मूलच्या रस्त्यावर आमची जुनी मारुती ८०० तापली. रेडिएटरात बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर. हेड गॅस्केट गेले! वस्तीतले आजारी माणूस दवाखान्यात न्यायला हीच गाडी.

गॅरेज परवडेना. सभेत श्रमप्रतिष्ठेवर बोलणारा मी. पाना मात्र पहिल्यांदाच धरला, तोही इंजिन गरम असताना. धाकटा भाऊ ओरडला, "दादा, थांब! हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, वाकेल."

रात्रभर थांबलो. सकाळी पाणी काढले, टायमिंग बेल्ट उतरवला. आधी कडेचे बोल्ट, मग मधले. प्रत्येक थोडाथोडा सैल केला. हेड निघाले. त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली, तर खालून उजेड दिसला. गाडी तापली तेव्हाच ते वाकले होते.

हेड चंद्रपूरला नेऊन मशीनवर सपाट करून आणले. आईची गुरुवारची तपासणी मात्र एस.टी.नेच झाली.