झाडाच्या मापाचा माणूस

कपाटातला बिस्किटांचा डबा उघडला आणि व्हिनेगरचा भपकारा आला. आत अण्णाकाकाच्या निगेटिव्ह होत्या. अ‍ॅसिटेटची फिल्म दमटपणाने कुजायला लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच उरलेल्या फिल्मलाही खातं. मुंबईचे पावसाळे, वर घट्ट झाकण!

एक पट्टी खिडकीशी धरली. आभाळ काळं, झाड पांढुरकं, बुंध्याशी ठिपक्याएवढा मी.

आंबोलीचं रान. काका याशिका कॅमेऱ्यावर मान खाली घालून ढगांची वाट बघतोय. भिंगावर पिवळा फिल्टर. त्याने निळं आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात. त्याला ऐनाचं झाडच लागायचं. मगरीच्या पाठीसारखी ती भेगाळलेली साल रंगीत फोटोत नुसती मातकट दिसते. काळ्या-पांढऱ्यात, तिरप्या उन्हात, तिचा एकेक चौकोन सुटा होतो, असं त्याचं म्हणणं. ते मला आजही पटतं. पटत नाही ते पुढचं: "जा रे, बुंध्याशी उभा राहा. हलू नकोस." झाड केवढं ते कळायला माणूस हवा ना! माझ्या लहानपणीचा धड चेहरा दिसेल असा फोटो घरात नाही. ऐन मात्र ढीगभर.

पुढे कधीतरी कार्लटन वॉटकिन्सचा १८६१ सालचा 'ग्रिझली जायंट' हा फोटो पाहिला. कॅलिफोर्नियातला अवाढव्य सिकोया, आणि पायथ्याशी गेलन क्लार्क नावाचा माणूस. तेव्हाच्या ओल्या कलोडियनच्या काचेला मुख्यतः निळाच उजेड कळायचा. म्हणून पानं काळीठिक्कर, आभाळ कोरं, आणि माणसाने पुतळ्यासारखं उभं राहायचं. वॉटकिन्सच्या फोटोंचाही हातभार लागला आणि १८६४ मध्ये लिंकनने योसेमिटीचं खोरं नि ती सिकोयांची राई राखण्याच्या कायद्यावर सही केली. क्लार्क तिथला पहिला राखणदार झाला. मला मिळाली लिमलेटची गोळी, तीही परतीच्या एसटीत.

पण ऐनाच्या मुळाशी मुंगळे असत. काकाची मान कॅमेऱ्यावर झुकली की मी हळूच चार-पाच पावलं पुढे सरकायचो. मुंगळे हे निमित्त. याशिकाच्या काचेत एकदा डोकावलो होतो, पुढे आलेलं माणूस मोठं दिसतं हे तिथेच कळलं होतं. काकाला दिसत असणारच. कधी बोलला नाही.

परवा भाचीने स्कॅन केलेल्या फोटोत माझ्या उंचीवरून ऐनाची उंची काढली. साठ फूट, म्हणाली. म्हटलं, त्यात माझी पावलं धर.