रात्रपाळीची झाडं

भिवंडीत राहून बागेची हौस करायची तर दोन गोष्टींशी जमवून घ्यावं लागतं: रुई आणि उजेड. माझ्या गॅलरीसमोर यंत्रमागाचा कारखाना आहे. मागांची खटखट आता कानांना जाणवतही नाही. रुईची मात्र सवय होत नाही. ती ग्रिलवर बसते, वाळत घातलेल्या साडीवर बसते, तुळशीच्या मंजिऱ्यांत अडकते. गुलाब-मोगऱ्याची हौस फिटल्यावर मी कटिंगवर येणाऱ्या, फुलणाऱ्या मांसल झाडांकडे वळले. नर्सरीवाले त्यांना सक्युलंट म्हणतात आणि विकताना हमखास सांगतात, ‘पाणी नको, लक्ष नको.’ पाण्याचं खरं आहे. लक्षाचं साफ खोटं.

पानाच्या बेचक्यात पांढरं काही दिसलं की दुसऱ्या गावातला माळी बेधडक सांगेल, पिठ्या ढेकूण. इथं आधी फुंकर मारायची. उडालं तर सूत, जागचं हललं नाही तर कीड. तरीही शंका असेल तर काडीनं दाबून बघायचं. ढेकूण असेल तर चिकट ओल काडीला लागते. मग जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक बेचकं घासत बसायचं. पावसाळ्यात रुई भिजून देठाला नमद्यासारखी चिकटते आणि तिच्याखाली देठ कुजतो, म्हणून ती तर रोजच काढावी लागते.

कटिंग म्हणजे फांदी तोडली, मातीत खोचली, पाणी घातलं, अशी सर्वसाधारण समजूत असते. मांसल झाडाला असं केलं की आठवड्याभरात देठ काळा पडतो, बोटानं दाबला तर मऊ लागतो. तोडणं आणि खोचणं यांच्यामध्ये वाळवणं आहे, आणि सगळी कला त्यातच आहे. कलांचोचा फूल नसलेला तीन-चार इंचांचा शेंडा धारदार ब्लेडनं कापायचा, खालची पानं काढायची आणि सावलीत वर्तमानपत्रावर नुसता टाकून ठेवायचा. दोन-तीन दिवसांत कापावर फिकट, कोरडी खपली धरते. तिच्यावरून बोट फिरवल्यावर ओल लागली नाही की लावायला हरकत नाही. माती एक वाटा, विटांचा चुरा आणि जाड रेती मिळून दोन वाटे. पहिले काही दिवस पाण्याचा थेंब नाही. क्राउन ऑफ थॉर्न्सला, म्हणजे त्या काटेरी लाल फुलांच्या झाडाला, कापल्यावर पांढरा चीक येतो. तो कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. काप पाण्यात धरून चीक थांबवायचा आणि मग चांगला आठवडाभर वाळवायचा. अडेनियमही कटिंगनं येतो, पण त्याचं ते फुगीर बुड कटिंगला नीट धरत नाही. आणि बुडाशिवाय अडेनियम लावायचा कशाला? तो बियांपासूनच करावा.

जून ते सप्टेंबर भिवंडीत रुमाल वाळत नाही, तिथं कापाला खपली कुठून धरणार? माझं ब्लेड दसऱ्यानंतरच बाहेर निघतं. अपवाद ऑफिस टाइमचा. सकाळी बाबू लोक कामावर पोचतात त्या सुमारास उमलणारं हे फूल पावसाच्या उघडिपीत कुठंही खोचा, जगतं.

ऑफिस टाइम दिवसा फुलतं खरं, पण या मांसल जमातीचा बराचसा कारभार रात्री चालतो. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात. यांनी तसं केलं तर उन्हात साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून ही रात्री छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून त्या साठ्यावर काम करतात. याची एक जुनी चाहूल लागली ती आपल्या पानफुटीवर, तीही हिंदुस्थानातच. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं तिचं पान वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं हे टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीनं 1815 साली छापलं. मूतखड्यावर म्हणून पानफुटी खाणाऱ्या किती जणांनी ही चव घड्याळाशी ताडून पाहिली असेल कोण जाणे.

कलांचो ही पानफुटीची सख्खी बहीण, दोघी मादागास्करच्या. पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्डनं 1932 साली ती बाजारात आणली. डिसेंबर-जानेवारीत नर्सरीतून फुललेली कुंडी आणावी आणि पुढच्या वर्षी तिला नुसती पानंच यावीत, ही तक्रार मी अनेकींकडून ऐकते. खताचा दोष नसतो. कलांचोला कळी धरायला लांब, सलग अंधार लागतो. डिसेंबरात आपल्याकडची रात्र साधारण 13 तासांची, तेवढी तिला पुरते. पण समोरच्या कारखान्याच्या ट्यूबलाइटींनी माझ्या गॅलरीत रात्र होतच नाही. 2007 साली भिवंडीचं वीज वितरण टोरंट पॉवरकडे गेलं, भारनियमन कमी होत गेलं. गावाला बरं झालं, कलांचोला नाही. कारखान्याची शुक्रवारची सुट्टी एका रात्रीची, तिनं काही भागत नाही. म्हणून ऑक्टोबरपासून सहा आठवडे संध्याकाळी सहाला कुंडीवर सुताच्या कोनांचा रिकामा खोका पालथा घालायचा आणि सकाळी आठला उचलायचा. खोक्याला फट असेल तर कागद चिकटवून बुजवायची. मधेच उजेड शिरला की रात्र तुटते. घरातले हसतात, जानेवारीत फुलं बघायला तेच पुढे असतात.

ब्रह्मकमळाला ट्यूबलाइटचं काही वाटत नाही, माझ्याकडे तरी. हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे, मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड, आणि म्हणूनच त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते. जून झालेला वीतभर तुकडा घ्यायचा, वाळवायचा, वरचं टोक वर ठेवून लावायचा. फुलाला दोन-तीन वर्षं थांबायची तयारी हवी.

पावसाळ्यात ते रात्री दहानंतर उमलतं. तेव्हा आमची इमारत झोपलेली असते. जागे असतात ते समोरचे कारागीर. चहाच्या सुट्टीत ते खाली उभे राहून मोबाइलवर फोटो काढतात. त्यांच्यातला पद्मानगरचा एक तेलुगू मुलगा मागच्या दिवाळीत दारात आला.

‘‘काकू, एक पान द्याल? गावी आईला न्यायचंय. पण तेलंगणा लांब आहे, सुकणार नाही ना?’’

‘‘सुकू दे थोडं, तेच हवंय. पेपरात गुंडाळ. ओलं फडकं नको, प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नको.’’

‘‘आणि पोचल्यावर पाणी?’’

‘‘आठ दिवस नाही. आईला बजावून सांग, कीव येईल तिला.’’