मूठ आणि फट

सेफ्टी रेझरमध्ये सगळा खेळ एका फटीचा असतो. पात्याची धार आणि तिच्या खालची पट्टी यांच्यात जी बारीक जागा राहते, तिच्यावर दाढी गुळगुळीत होणार की गाल सोलून निघणार हे ठरतं. साध्या रेझरची फट कारखान्यात एकदाच ठरते, ॲडजस्टेबल रेझरची मात्र फिरवून कमी-जास्त करता येते. वसमतला लेथवर काम करता करता मी अशा रेझरांना पितळी आणि स्टीलचे भाग बनवून बसवतो, जाम झालेली जुनी रेझरं उघडून साफ करतो. या कामाने माझ्या हाताला एक नियम पक्का घालून दिला आहे. फट कारखान्याची, मूठ माणसाची. फटीला हात लावायचा नाही, आणि मूठ ज्याच्या हातात जाणार त्याच्याकडे बघून घडवायची.

या नियमाचं मूळ पात्यात आहे. दोन्ही बाजूंनी धार असलेलं आपलं नेहमीचं पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. बोटांत धरलं तर लवतं. किंग जिलेट यांना पातळ पत्र्याचं पातं सुचलं, पण तसा पत्रा टणक करून त्याला धार लावणं कोणाला जमत नव्हतं. त्यासाठीची यंत्रं विल्यम निकरसन या इंजिनिअरने उभी केली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली आणि १९०४ मध्ये पेटंट मिळालं. त्या रचनेचं मर्म आजही तेच आहे. पातं स्वतः ताठ नसतं. वरचं टोपण त्याला दाबून कमानीत वाकवतं आणि वाकल्यामुळे त्याला ताठपणा येतो. टोपण केसभर तिरकं बसलं, तर एका बाजूची धार जास्त उघडी पडते आणि दुसरी लपते. म्हणून टोपणाच्या आणि पट्टीच्या आतल्या अंगाला मी कानस तर सोडाच, बारीक पॉलिश पेपरही लावत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या रेझरांचे मुख्य दोन प्रकार. एक जिलेटची जुनी ॲडजस्टेबल. ‘फॅटबॉय’ या नावाने ओळखलं जाणारं त्यांचं जाड मुठीचं रेझर १९५८ च्या सुमाराचं. त्याच्या मानेजवळ एक ते नऊ आकड्यांची चकती असते, आणि खालची गाठ फिरवली की वरचे दोन दरवाजे उघडतात. पट्टीच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. ‘एफ २’ असेल तर ते रेझर १९६० च्या दुसऱ्या तिमाहीत बनलेलं. आजोबांच्या ट्रंकेतून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, कधी हैदराबादकडच्या नातेवाइकांकडून अशी रेझरं इकडे येतात. दुसरा प्रकार जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातल्या मेर्कूरचं ‘प्रोग्रेस’. त्याची फट मुठीच्या बुडाशी असलेल्या गाठीने बदलते. ही गाठ प्लास्टिकची असते. ती जाऊन तिथे धातूची हवी, ही लोकांची सगळ्यात मोठी मागणी.

ही गाठ बनवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. हळदीच्या हंगामात मात्र त्याला वेळ मिळत नाही. हळद निघायला लागली की वसमत भागातल्या लेथवर कुकरचे, पॉलिशच्या ड्रमचे, ट्रॅक्टरच्या पिनांचे ढीग पडतात, आणि शेतकऱ्याचा खोळंबा करून दाढीचं सामान कापत बसणं मला पटत नाही. हंगाम सरला की पितळेचा रॉड चकात धरतो. पितळेला टूलचा माथा सपाट लागतो. लोखंडासारखं उतरतं टूल लावलं तर ते धातूत रुतून बसतं आणि काम हिसका खातं. टूल नीट लागलं की पितळेचा कीस सलग न निघता रव्यासारखा भुरभुर उडतो. आधी बाहेरचा व्यास, मग आतलं छिद्र, मग आटे. जुन्या रेझरचे आटे बाजारातल्या टॅपशी, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराशी, जुळतीलच असं नाही. अशा वेळी जुन्या आट्यात टॅप घालून ते ‘सरळ’ करायचा मोह होतो, तो टाळायचा. आधी पिच गेजने आटे मोजायचे आणि नवा भाग जुन्याच्या मापाने कापायचा.

शेवटी नर्लिंग, म्हणजे बोटांना पकड देणारी जाळी. इथे हाताची परीक्षा असते. जाळी उथळ राहिली तर साबणाच्या हाताने गाठ फिरत नाही. फार खोल गेली तर टोकं टोचतात आणि त्यांच्या बेचक्यात साबण साठतो. मी नर्ल एका दमात दाबतो, मग अगदी बारीक पेपरने टोकांची धार फक्त मोडतो. डोळे मिटून ओला अंगठा फिरवून बघतो. कडेचा बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक कोर, राहिली असेल तर व्हर्निअर सांगत नाही, अंगठा सांगतो.

धातू कोणता घ्यायचा हा प्रश्न दिसण्याचा कमी आणि वजनाचा जास्त आहे. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, स्टेनलेस स्टील आठ पट, ॲल्युमिनियम पावणेतीन पट. त्याच मापाची गाठ ॲल्युमिनियमची केली तर तिचं वजन पितळेच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतं. बुडाशी वजन वाढलं की रेझरचा तोल मागे सरकतो आणि डोक्याचा गालावरचा भार हलका होतो. ज्यांना दाबून दाढी करायची सवय आहे त्यांना मी पितळ सुचवतो. ज्यांचा हात मुळातच हलका आहे त्यांना पुढे जड असलेलंच रेझर बरं पडतं. म्हणून मोजमाप घेण्याआधी मी माणसाला रिकामं रेझर हातात धरायला सांगतो. पात्याशिवाय गालावरून फिरवून दाखवा म्हणतो. बोटं कुठे पडतात, मनगट किती वळतं, करंगळी कुठे टेकते, यावर मुठीचं माप ठरतं.

हे बघणं मी वारकाकडून, म्हणजे न्हाव्याकडून, शिकलो. वस्तऱ्याला फट नसतेच. कोन, दाब, कातडी ताणणं, सगळं मनगटात. आमच्या वारीकमामांच्या हातात गिऱ्हाइकाचा गाल आला की ते आधी अंगठ्याने केसांचा ओढा बघायचे, मगच धोपटीतून वस्तरा निघायचा. याच परंपरेतल्या सेना महाराजांनी आपल्या अभंगात धंद्याच्या आरशा-चिमट्याला विवेक-वैराग्याचा अर्थ दिला. रोजच्या हत्याराकडे इतक्या आदराने बघणारी माणसं आपल्या मराठीत होऊन गेली, याचं मला फार बळ वाटतं. ॲडजस्टेबल रेझरमध्ये त्या मनगटातली एक गोष्ट, धार किती उघडी ठेवायची ही, यंत्राकडे आली आहे. बाकीचं मनगट आपल्याकडेच आहे.

आता निगेबद्दल. आपल्याकडे या रेझरांचा खरा शत्रू बोअरचं जड पाणी. त्यातला चुना आणि साबण एकत्र आले की पांढरट चिकट थर बनतो आणि तो चकतीच्या आट्यांत जाऊन बसतो. मागे एक निवृत्त गुरुजी वडिलांचं फॅटबॉय रुमालात बांधून घेऊन आले. “बघ बरं बाबा, चारच्या पुढं सरकंनाच झालंय. पकडीनं फिरवू का?” मी म्हटलं, “गुरुजी, पकड लावू नका. आत चुना धरलाय, पकडीनं मानच पिळून निघेल.” कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून ते रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी मऊ टूथब्रशने मानेभोवती घासून चकती पुढे-मागे अगदी थोडी थोडी हलवली. पहिल्यांदा दुधाळ पाणी आलं, मग करकर कमी झाली, मग पाच, सहा, सात असे आकडे एकेक करून मोकळे झाले. औषधाच्या दुकानात मिळतं त्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब मानेत सोडला. नवव्या आकड्यावर चकती पोचली तेव्हा गुरुजींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः एकपर्यंत मागे फिरवून बघितलं.

तेलाच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरात हाताशी असतं म्हणून लोक खोबरेल सोडतात. ते चोवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं. आपल्याकडे डिसेंबरातल्या सकाळी चकती घट्ट होते आणि माणूस जोर लावतो. जोर लावायचा नाही. आकडा बदलण्याआधी खालची गाठ अर्धा फेरा सैल करायची, म्हणजे पात्यावरचा ताण उतरतो आणि चकती सहज फिरते.

चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर ही आपल्या घरातली पितळेची औषधं. मी बनवलेल्या निव्वळ पितळी गाठीला ती चालतात. मुलामा असलेल्या रेझरला मात्र नाहीत. फॅटबॉय पितळेचं असलं तरी वर निकेलचा पातळ थर असतो, तो राखेने झिजतो. नव्या रेझरांची बरीचशी टोपणं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वर क्रोमचा मुलामा. तिथे कुठे टवका उडाला असेल तर आंबटाने आतलं जस्त खाल्लं जातं आणि पृष्ठभागावर फोड येतात. जस्त हा दुबळा धातू आहे असं मात्र समजू नये. आमचं वसमत ज्या निजामाच्या मुलुखात होतं, त्याच मुलुखातल्या बिदरचे कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळून, चांदी ठोकून, नवसागर आणि किल्ल्यातल्या मातीने ते काळंभोर करतात. कोणी तशी मूठ मागितली तर मी समजावतो की रोज साबणात भिजणाऱ्या वस्तूवर ते काळेपण टिकायचं नाही. बिदरी काम हवं तर रेझर ठेवायच्या स्टँडला करा, तिथे ते शोभेल आणि टिकेल.

लोक आकड्याबद्दल विचारतात. कितीवर ठेवू? दोन रेझरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही. खालच्या आकड्यापासून सुरुवात करा, दाढी चार दिवसांची असेल तर वर जा, मानेखाली परत खाली या. वर गेल्यावर जळजळ झाली तर आधी दाब कमी करा, मग आकडा. पातं बोथट झालं असेल तर कोणताच आकडा ते झाकू शकत नाही.

काम झालं की मी रेझरबरोबर काढलेला मूळ भागही परत देतो, प्लास्टिकचा असो की तडकलेला. एका पुडीत बांधून, कोणत्या रेझरचा आहे ते लिहून. उद्या ते रेझर मुलाच्या हातात गेलं आणि त्याला माझी पितळी गाठ जड वाटली, तर त्याने ती काढून टाकावी. जुने आटे मी शाबूत ठेवलेले असतात, त्यामुळे त्याला हवी तशी दुसरी गाठ कोणताही चांगला लेथवाला त्यावर चढवू शकेल. ज्या कामात पुढच्या कारागिरालाही जागा ठेवलेली असते, तेच काम मी पुरं झालं असं मानतो.