पाळकाचं घर

रविवार. सोयाबीनची सोंगणी सुरू, त्यामुळे उपासनेला निम्मीच मंडळी. नंतर कमिटी. लाउडस्पीकरच्या दुरुस्तीवर अर्धा तास, आजाऱ्यांच्या भेटींवर दोन मिनिटं! घरी आलो तर बायको म्हणाली, "उद्या तुम्ही लोणारला प्रार्थनेला, मग पोराचा दाखला तहसीलमधून कोण आणणार?"

तिचा प्रश्न ऐकून विल्यम कॅरीची बायको डोरोथी आठवली. आम्ही बॅप्टिस्ट लोक कॅरीचं नाव मोठ्या अभिमानानं घेतो. बंगालातल्या श्रीरामपुरात (आपल्या नगरकडच्या नव्हे) राहून त्यानं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी व्याकरण छापलं १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये. पुढच्याच वर्षी नवा करार. प्रवचनात हे सगळं येतं. डोरोथी येत नाही. १७९४ मध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि तिचं मन ढळलं ते कायमचंच. ती खोलीत कोंडलेली, जवळच नवऱ्याचं भाषांतर चालू. १८०७ मध्ये ती वारली. कॅरीला दोष देण्याची माझी लायकी नाही, पण डोरोथीला गाळून त्याची थोरवी सांगणं मला खोटं वाटतं.

आपल्याकडे तरी काय? रेव्हरंड ना. वा. टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून निदान त्यांची बाजू आपल्याला कळली. बाकीच्या पाळकीणबाईंनी कुठं लिहून ठेवलंय?

उद्या तहसीलला मीच जाईन. लोणारला मंडळीतले दोन वडील जातील. तिथले म्हातारबाबा कुरकुरतील, पाळकसाहेबच हवे म्हणतील. म्हणू देत. प्रार्थना वडिलांनाही करता येते.